वस्त्रगाळ गोळ्या आणि आमचे व्याही

आधी गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. मी एकदा एका आजारी माणसाच्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळल्या, मधात कालवल्या आणि रोज सकाळी अनशापोटी त्याला चाटायला दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. मी तेव्हा लहान होते. एकसष्टावं नुकतंच लागलं होतं. त्या वयात बाई हूडच असते. समज येते ती पासष्टीनंतर, आणि तीसुद्धा एकदम येत नाही. सांधेदुखीसारखी एकेका गुडघ्यात येते.

तो आजारी माणूस म्हणजे आमचे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. नंदुरबारात त्यांची मिरची कांडपाची गिरणी आहे, आणि जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ एकच, ते म्हणजे दळण भरड राहणं, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भावाभावांत भांडण का झालं? बोलणं भरड होतं. पोरगा गणितात का नापास झाला? मास्तरने बारीक करून सांगितलं नाही. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ही जोडी कधी स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. समोर पूड म्हणून जे काही येईल त्याची चिमूट उचलायची, डोळे मिटायचे, बोटांत चोळायची आणि निकाल द्यायचा. देवळात अंगारा मिळाला की कपाळाला लावण्याआधी चोळून बघणार. दारात रांगोळी दिसली की वाकून चिमूट घेणार. माझ्या लेकीने काढलेल्या कितीतरी मोरांची शेपटं अशी तपासणीत गेली. शेजारी घर बांधायला निघाले तेव्हा सिमेंटची गोणी फोडून यांनी गवंड्याला आमच्या बोलीत निकाल दिला, "बारीक शे. बांधी टाका," म्हणजे बारीक आहे, बांधून टाका. गवंडी बिचारा त्यांना इंजिनिअर समजून दोन दिवस टोपी काढून बोलत होता. आणि एका लग्नात तर नवरीच्या मावशीकडे हे तिचा पावडरचा डबा मागायला गेले. लांबून बघूनच यांना शंका आली होती.

माझा आणि त्यांचा संबंध आला तोही असाच. माझ्या लेकीला बघायला मंडळी धानोऱ्याला आमच्या घरी आली. चहा झाला, पोहे झाले, मुलीला शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक येतो का विचारून झालं. मुलाचे वडील तेवढे गप्प. मी मनात म्हटलं, माणूस गंभीर दिसतोय, घर चांगलं असणार. तेवढ्यात ते म्हणाले, "मसालाना डबा आना." आम्हाला वाटलं पोह्यांत तिखट कमी पडलं. डबा आणला. त्यांनी मिरचीपुडीची चिमूट घेतली, डोळे मिटले, आणि भरल्या बैठकीत सांगितलं, "भरड शे." माझ्या नवऱ्याच्या हातातली बशी तशीच राहिली. मग डोळे उघडून म्हणाले, "पन पोरगी चांगली शे. आम्हले पसंत शे."

सगळे हसले. मी नाही हसले. मी तेव्हा पंचेचाळिशीतली, म्हणजे अगदीच अजाण पोर, आणि माझ्या तिखटाला पंचक्रोशीत नाव होतं. मी त्याच दिवशी ठरवलं, या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'बारीक' हा शब्द काढायचाच. दर उन्हाळ्यात मी डबा भरून पाठवायचे. तिखट, हळद, चकलीची भाजणी, एकदा तर ईर्ष्येने पिठीसाखर. आठवड्याने लेकीचा फोन यायचा. मी विचारायचे, "काय म्हनतस तुन्हा सासरा?" ती हसू दाबून म्हणायची, "माय, बाबा म्हनतस, भरड शे. पन डबा चाटीपुसी साफ करा बरं त्यासनी." भरड म्हणायचं आणि डबा मात्र चाटूनपुसून संपवायचा! मी फोन आपटायचे. तेव्हाचे फोन आपटता यायचे, हे एक बरं होतं.

आता खोकल्याचं सांगते. ज्यांनी आमचं नंदुरबार हिवाळ्यात पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते ती नजर जाईल तिथवर लाल. वारा सुटला की सगळं गाव खोकतं. सासू खोकते, सून खोकते, वरातीतला घोडा खोकतो. बाहेरगावचा पाव्हणा बसमधून उतरला की पहिल्या शिंकेलाच ओळखू येतो. आमच्या व्याह्यांच्या मते खोकला हा आजार नव्हताच, ती हजेरी होती. ते स्वतः बिडी ओढत खोकायचे आणि मिरची कांडत खोकायचे. कुठला खोकला कुठल्या खात्यातला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हंगाम संपला, पथाऱ्या उठल्या, पावसाळा लागला, गावाचा खोकला थांबला, यांचा चालूच. मी तेव्हा चार माणसांत म्हणाले होते, "व्याहीबुवा, गिरणी बंद झाली तरी तुमचा पट्टा काही थांबत नाही!" सगळे हसले, ते सगळ्यात जास्त हसले, आणि हसता हसता खोकले. माझ्या आयुष्यातल्या ज्या विनोदांना खूप हशा मिळाला, त्यातला हा एक मला परत घ्यायचा आहे.

शेवटी लक्षात आलं ते माझ्या लेकीच्या. यांचा रुमाल बारा महिने लाल. गिरणीवाल्याचा रुमाल पांढरा असला तरच लोक विचारतील. पण एकदा धुताना तिला वेगळं दिसलं. मिरचीचा डाग साबण लागला की नारिंगी होऊन वाहतो. हा डाग वाहिला नाही; तपकिरी होऊन बसून राहिला. तिने तो रुमाल वाळत न घालता तसाच नवऱ्यासमोर धरला. दुसऱ्या दिवशी बापलेक सुरतेच्या गाडीत होते. तपासण्या झाल्या. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, आणि ती चांगली गाठ नव्हती.

त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक शाळेत मास्तरीण, जावई गिरणीत अडकलेला. तेव्हा व्याह्यांची काळजी घ्यायला धानोऱ्याहून उठून नंदुरबारला येऊन राहिले मी. व्याह्याच्या घरी विहीण मुक्कामाला, हे आमच्याकडे चालत नाही. पण गाठीला कुठे आमच्या रीती ठाऊक होत्या?

डॉक्टरसमोर काय झालं ते मी स्वतः पाहिलं आहे, कारण उपचार ठरवायच्या दिवशी मीही सोबत गेले होते. सुरतेची डॉक्टरीण निघाली आपल्या शहाद्याकडची. वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलायला खमकी. तिने आधी बिडीवरून त्यांना असं सोलून काढलं की मला शेजारी बसून थंड वाटलं. "किती ओढायचात?" तिने विचारलं. "जास्ती नही, बारीक बारीक झुरका लेऊ," व्याही म्हणाले. मग तिने औषध समजावलं. म्हणाली, हे औषध जुनंच आहे, पण ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी ते एका कडक द्रावणात घालून द्यायचे, त्याचाच अंगाला त्रास व्हायचा. आता त्याचे अतिशय बारीक कण करतात आणि रक्तात असतं तसल्या एका प्रोटीनमध्ये गुंडाळून शिरेतून सोडतात. त्याला नॅनो कण म्हणतात.

'बारीक' हा शब्द ऐकला आणि व्याही खुर्चीत सरळ झाले. इतका वेळ ते गुन्हेगारासारखे बसले होते. "कितला बारीक?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या डोक्याचा एक केस घ्या बाबा," डॉक्टरीण म्हणाली. "त्याच्या जाडीत असले पाच-सातशे कण शेजारी शेजारी मावतील."

व्याह्यांनी टोपी काढली. डोक्यावरचा एक केस उपटला. उजेडाकडे धरला, बोटांत चोळला, पुन्हा उजेडाकडे धरला. आम्हाला वाटलं घाबरले. मग अतिशय आदराने, एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कोनती गिरणीमा काढतस हो? जाळी कितला नंबरनी शे?" डॉक्टरीण आधी हसली, मग तिने पाहिलं की हा माणूस चेष्टा करत नाही. ती म्हणाली, "बाबा, जाळीने नाही होत ते. पण तुम्हाला कळलं ना, ते किती बारीक आहे? मला आजवर इतकं नीट कुणी विचारलं नव्हतं."

झालं. त्या दिवसापासून आमचे व्याही कॅन्सरचे पेशंट राहिले नाहीत, नॅनोचे वारकरीच झाले म्हणा. सुरतेहून परत आल्यावर घरी न जाता थेट जाळ्या बसवणाऱ्या चाचांकडे. चाचांच्या तीन पिढ्या नंदुरबारच्या गिरण्यांना जाळ्या बसवत आलेल्या. हे म्हणाले, "चाचा, केसना पाचशेवा हिस्सा जाई, आशी जाळी बनाडशात का?" चाचांनी चष्मा वर केला, यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "भाईजान, इतनी बारीक जाली में से तो पानी भी मुझसे पूछके निकलेगा." मग गिरणीवर मिरची कांडायला येणाऱ्या बायकांना रोज व्याख्यान. औषध गाठीत कसं शिरतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते साधंच: गाठ वाढत असते, हावरट असते, प्रोटीन दिसलं की आत ओढते, आणि प्रोटीनच्या पोटात औषध असतं. यांनी त्याचं असं केलं: "देखा माय, गाठले वाटस जवाई उना. मोठा थाटमा दार उघाडस. या, बठा, जेवा करस. नि हाऊ जवाई काय करस? आत शिरीसन बठ्ठं घर खाई टाकस!" 'उना' म्हणजे आला, 'बठ्ठं' म्हणजे सगळं. बायका पदर तोंडाला लावून हसत. मी तिथे उभी असायचे. म्हणायचे, "मले नका समजाडू व्याहीबुवा. तुमना पोऱ्या दर दिवाळीले मन्हा घर येस." यावर ते मिरचीच्या ढिगाआड तोंड फिरवायचे. व्याह्याला विहिणीसमोर मोठ्याने हसता येत नाही. पण खांदे हलताना मला दिसायचे.

पहिल्या मंगळवारी औषध चढवलं. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढुरकं. मला वाटलं पाणीदार ताक. व्याह्यांनी नर्सला अतिशय नम्रपणे विचारलं, "बेटा, सलाईनमा टाकाना आगोदर एक थेंब बोटवर देशी का?" नर्स गुजराती, तिला थेंब कळला आणि बोट कळलं, तिने त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि तपासायला पाठवून दिला. अर्ध्या तासात बाटली संपली. व्याही मला म्हणाले, "इहीनबाई, आंगमा गया ते समजनंबी नही. याले म्हनतस बारीक." आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या मिरचीच्या डब्याकडे होती, हे मला बरोबर कळलं.

तर अशा वातावरणात, लोकहो, मी ती चूक केली. घरी त्यांच्या गोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. उलटीची एक गोळी, आणि पोटात आम्ल होऊ नये म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायची एक. ही दुसरी चांगली गुळगुळीत, पिवळी, शेंगदाण्याएवढी. मी ती तळहातावर घेऊन विचार केला. मला विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे केला की तो फार लांब जायचा. आजारावरचं मुख्य औषध इतकं बारीक, आणि ही गोळी अशी दगडासारखी अख्खी? कंपनीने आळस केला, दुसरं काय. आपण आहोत ना. खलबत्ता काढला. कुटली. मलमलीतून गाळली. समाधान झालं नाही, पुन्हा गाळली. वस्त्रगाळ पूड अशी झाली की फुंकर मारली तर उडून जाईल. मधात कालवून दिली आणि सांगितलं, "हे घ्या, डॉक्टरचं चाटण." मनात काय होतं ते खरं सांगते. मला त्यांना बरं करायचं होतं, हे आहेच. पण दवाखान्यातला कोर्स संपल्यावर एक दिवस मी ऐटीत सांगणार होते, व्याहीबुवा, इतके दिवस गोळी कुणाच्या हातची बारीक केलेली खाल्लीत? आणि मग त्यांना तो शब्द म्हणावाच लागणार होता. एकसष्ट वर्षांची घोडी मी, आणि मला एका भांडखोर चिमटीकडून शाबासकी हवी होती.

चार-सहा दिवसांत व्याह्यांच्या पोटात आग पडायला लागली. छातीपर्यंत जळजळ, आंबट ढेकर, जेवण नको. दुसरा मंगळवार कसाबसा पार पडला. मी आणखी काळजीने कुटू लागले. तीनदा गाळू लागले. जळजळ वाढली. आणि तिसरा मंगळवार चार दिवसांवर असताना व्याह्यांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि जाहीर केलं, "चाळीस वरीस मिरची कांडी, पोटले कधी चटका नही लागना. हाई दूध पोट बाळी ऱ्हायनं. बस झायं. मी आते सुरत जावाव नही."

जावई म्हणाला, "बाबा, आसं काय करतस? अर्धामा सोडीसन कसं चाली?" लेक आधी रागावली, मग रडली, मग शाळेत निघून गेली, कारण तिची परीक्षा चालू होती. नातेवाइकांचे फोन आले. व्याह्यांनी फोन उचलून बाजूला ठेवून दिले. फोनमधून माणसं बोलत राहायची आणि हे भिंतीकडे बघत राहायचे. मी तर रोज व्याख्यान देत होते. जावयाची गोष्ट त्यांनाच उलटी सांगून पाहिली: जावई अर्ध्या जेवणातून उठला तर घर कसं खाईल? एरवी यावर खांदे हलले असते. हलले नाहीत. रविवार गेला. सोमवारी सकाळी ते गिरणीत जाऊन बसले, आणि मी डॉक्टरीणबाईला फोन लावला. लावला तो तक्रार करायला. सुरुवातच अशी केली की, बाई, तुमच्या औषधाने आमच्या माणसाचं पोट जाळलं.

तिने शांतपणे एकेक विचारलं. जेवण काय, उलटी किती, आम्लाची गोळी चालू आहे ना. मी म्हटलं, चालू म्हणजे काय, मी स्वतःच्या हाताने देते. ती म्हणाली, अनशापोटी? म्हटलं, अनशापोटी. ती म्हणाली, पाण्याबरोबर अख्खी गिळतात ना? आणि मी, छाती फुगवून, सोळा वर्षांचा अभिमान आवाजात आणून म्हणाले, "अख्खी कशाले? मी वस्त्रगाळ करीसन देस! तीन डाव गाळीसन!"

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मावशी," ती मग म्हणाली, "त्या गोळीवर एक पापुद्रा असतो. तो मुद्दाम असतो. पोटातल्या आम्लात गोळी मरू नये, पुढे आतड्यात सुखरूप पोचावी, म्हणून तिला पांघरूण घातलेलं असतं. तुम्ही पांघरूण कुटून टाकलंत. ती पोटातच मेली. त्यांच्या पोटात इतके दिवस आम्लावर काही औषधच गेलं नाही." मग तिला माझी दया आली असावी. "बारीक असणं वेगळं आणि पोचणं वेगळं, मावशी. त्या नॅनो औषधालाही नुसतं बारीक करून सोडलेलं नाही. नेणारं कुणीतरी बरोबर दिलंय." आणि शेवटी दरडावलं, "उद्या त्यांना इथे पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि इथून पुढे कोणतीही गोळी कुटायच्या आधी मला फोन."

मी फोन ठेवून ओट्याशी बसले. आता दोन रस्ते होते. उद्यापासून गुपचूप अख्खी गोळी द्यायची. आठवड्यात जळजळ थांबली असती आणि माझी अब्रूही राहिली असती. पण मंगळवार उद्याच होता. आज संध्याकाळच्या आत त्यांना कळायला हवं होतं की दोष त्या दुधाचा नाही. आणि हे सांगायचं कुणाला? ज्या माणसासमोर मी सोळा वर्षं एकही डाव हरल्याचं कबूल केलं नव्हतं, त्या माणसाला. बाई, मला तेव्हा वाटलं, यापेक्षा मीच सुरतेला जाऊन ती बाटली लावून घ्यावी.

गिरणी चालू होती. आठ-दहा बायका डबे घेऊन बसलेल्या. त्या आवाजात मी ओरडून सांगायला लागले, ते त्यांना ऐकू येईना. ते म्हणाले, "काय?" मी आणखी ओरडले. ते म्हणाले, "काय म्हनतस?" मग त्यांनी, कांडप अर्ध्यावर असताना कधीही न करायची गोष्ट केली. बटण दाबून गिरणी थांबवली. आणि नेमकं त्याच क्षणी, त्या अचानक पडलेल्या शांततेत, माझा आवाज सगळ्या गिरणीभर घुमला: "तुमनी गोळी मी कुटीसन दिधी! म्हनीसन पोटमा आग पडी ऱ्हायनी!"

दहा बायका, एक जावई, चाचा जाळी बसवायला आलेले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पापुद्रा सांगितला, पांघरूण सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. व्याही ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"कितली बारीक करी व्हती?"

त्या सकाळच्या पुडीतली उरलेली चिमूटभर माझ्या पदराच्या टोकाला कागदात बांधलेली होती. मी ती पुढे केली. त्यांनी मिरचीचे हात धोतराला पुसले, चिमूट घेतली, डोळे मिटले, चोळली. पुन्हा चोळली. "बारीक शे," ते म्हणाले. सगळ्यांच्या साक्षीने. मी आयुष्यात इतकी कधी शरमले नाही. सोळा वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि तो पदरात घ्यायला मला जागा नव्हती. त्यांनी बटण दाबलं, गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात ते जावयाला काहीतरी म्हणाले. जावई धावत घरी गेला तो सुरतेची पिशवी भरायला.

पुढचे सगळे मंगळवार पार पडले. गाठ आकसली, गेली नाही, पण आकसली आहे, आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरीण तिचा फोटो काढून बघते. केस गेले आणि परत आले, तेही आधीपेक्षा मऊ. एक मात्र झालं. त्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात, हे डॉक्टरणीने आधीच सांगितलं होतं. व्याह्यांच्या बोटांतली जाण अजून पुरती परत आलेली नाही. गिरणीत आता माझी नात बसते, कॉलेजातून आल्यावर, आणि हे चिमूट तिच्या बोटांत देतात. ती चोळते, ते तिच्या चेहऱ्याकडे बघतात. स्वतःची बोटं मांडीवर पालथी ठेवून. मी हे बघितलं की दुसरीकडे बघते.

पण मला सांगायचं आहे ते त्या तिसऱ्या मंगळवारचं. प्रायश्चित्त म्हणून मीही सोबत गेले होते. औषध चढवून दुपारच्या गाडीने परत निघालो. जावयाला पलीकडे जागा मिळाली, तो बसल्या बसल्या झोपला. व्याही खिडकीशी, मी समोर. येताना जाताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मला ते न्याय्यच वाटत होतं. नवापूर गेलं. चिंचपाडा गेलं. बाहेर भाताची खाचरं, सागाची झाडं, उन्हं कलायला लागलेली. तेव्हा खिडकीतून तोंड न वळवता, गाडीच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल असं ते म्हणाले:

"इहीनबाई, पोटमा आग पडे ते खरं व्हतं, पन मी आगले भ्यायेल नव्हतू. मले त्या दवाखानानंच भ्याव वाटे, नि ते कोनले सांगता येत नव्हतं. तुम्ही मले निमित्त दिधं, मी ते धरी लिधं. नि तुम्हीच गिरणीमा उनात नि ते निमित्त काढी लिधं. आते बठ्ठा मंगळवार तुम्हीच मन्हासंगे या. काही बोलू नका, नुसत्या बठा."